जुना सिस्को की नवा मायक्रोटिक? कोकणात ऑफिसचा राउटर घेताना या चुका टाळा

चार शाखांची पतसंस्था, बर्फाचा कारखाना, मासळी निर्यात करणारं युनिट, वीस खोल्यांचं रिसॉर्ट, तालुक्याचं कॉलेज. कोकणपट्टीत ‘एंटरप्राइज’ म्हणजे बहुतेक वेळा हेच. यांच्यापैकी कोणीही राउटर घ्यायला निघालं की गाडी एकाच जागी अडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मोठ्या कंपनीतून निघालेला सिस्को स्वस्तात मिळतोय. तो उचलावा, की तेवढ्याच पैशात नवा कोरा मायक्रोटिक घ्यावा? मधेच कोणीतरी ज्युनिपरचं नाव काढतं, कोणी टीपी-लिंकच्या ओमाडाचं. चर्चा संपते ती दुकानदाराच्या शब्दावर, आणि पहिल्याच पावसाळ्यात फोन येतो, “नेट बंद पडला हा, येतास काय?”

चुका बहुतेकांच्या त्याच त्या असतात. काही खरेदीआधीच्या, काही नंतरच्या.

कंपनीच्या नावापासून सुरुवात करणं

नाव शेवटी ठरवायचं. आधी हे विचारा: गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी राउटर मेला, तर दुसरा कुठून येणार, कोण आणणार आणि तो सुरू कोण करणार? मुंबई-पुण्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तिथे माणूस तासाभरात येतो. आपल्याकडे माल मुंबईहून येतो, नाहीतर कोल्हापूर-कराडकडून घाट उतरून. आंबा, करूळ किंवा कुंभार्ली घाटात दरड आली की तोही थांबला. कोकणातला राउटर निवडताना माझ्या लेखी सगळ्यात वजनदार गोष्ट हीच: बदली यंत्र आणि ते जाणणारा माणूस तुमच्या दारापासून किती लांब आहेत.

नव्या यंत्राबरोबर ‘नेक्स्ट बिझनेस डे’ (पुढच्या कामाच्या दिवशी) बदलीचा करार विकला जातो. तो घ्यायला हरकत नाही, पण तुमच्या पिनकोडला ती सेवा लागू आहे का, हे लेखी मागा. जिल्ह्याचं नाव सांगून चालत नाही. रत्नागिरी शहर आणि गुहागरमधलं एखादं गाव करारात एकच धरलं जाईल असं नाही.

मग बाकीचं: लाइन किती एमबीपीएसची, एकाच वेळी किती माणसं, शाखा एकमेकींना जोडायच्या का, वाय-फाय पाहुण्यांना द्यायचं का. हे कागदावर लिहिलं की अर्धे मॉडेल आपोआप गळतात.

डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवणं

‘एक गिगाबिट’ असं लिहिलेलं असलं तरी आकडा कोणत्या पॅकेटवर (माहितीच्या तुकड्यावर) मोजला हे बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. एक गिगाबिटची लाइन १५१८ बाइटच्या मोठ्या पॅकेटने भरायची तर सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेट पुरतात. तीच लाइन ६४ बाइटच्या छोट्या पॅकेटने भरायची तर जवळजवळ १४ लाख ८८ हजार लागतात. राउटरचा प्रोसेसर दमतो तो पॅकेटच्या संख्येने. इंटरनेटवरचे फोन कॉल, यूपीआयचे व्यवहार, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर हे सगळं छोट्या पॅकेटचं काम.

मायक्रोटिकची एक गोष्ट मला आवडते. प्रत्येक मॉडेलच्या पानावर चाचणीचा तक्ता असतो: पॅकेट ६४, ५१२ आणि १५१८ बाइटची, आणि प्रत्येकाला फायरवॉलचे २५ नियम लावून किती वेग उरतो तोही आकडा. वरची ठळक ओळ सोडा, ५१२ बाइट आणि २५ नियमांची ओळ वाचा. तुमच्या ऑफिसच्या जवळ जाणारी ओळ ती. आणखी एक मेख आहे. मायक्रोटिकमधलं ‘फास्टट्रॅक’ चालू असेपर्यंत वेग मस्त दिसतो, पण ते फायरवॉलचा आणि क्यूचा (वेग वाटून देणाऱ्या रांगेचा) बराचसा भाग वगळून पॅकेट पुढे सरकवतं. रिसॉर्टमध्ये प्रत्येक खोलीला वेगाची मर्यादा घालायची म्हटलं की फास्टट्रॅक बंद करावं लागतं, आणि मग खरा वेग समोर येतो. हिशेब त्या वेगावर करा.

सिस्कोमध्ये अडचण वेगळी. आयएसआर ४३३१ हा जुन्या बाजारातला सगळ्यात लाडका राउटर. मजबूत, तीन गिगाबिट पोर्ट, नाव मोठं. पण मूळ लायसन्सवर त्याचा वेग १०० एमबीपीएसला बांधलेला असतो, आणि तोही जाणारा-येणारा मिळून. परफॉर्मन्स लायसन्सने ३०० होतो, त्यावर जायचं तर बूस्ट लायसन्स लागतं. धाकटा ४३२१ तर ५० वर सुरू होतो आणि परफॉर्मन्स लायसन्सने १०० वर जातो. ३०० एमबीपीएसची फायबर घ्यायची, तिला जुना ४३३१ लावायचा, आणि वेग ९० च्या पुढे जात नाही म्हणून लाइनवाल्याशी भांडायचं, हा प्रकार सर्रास चालतो. विकत घेण्याआधी विक्रेत्याला ‘शो प्लॅटफॉर्म हार्डवेअर थ्रूपुट लेव्हल’ हा आदेश चालवून त्याचा फोटो पाठवायला सांगा. तो कां-कूं करत असेल तर उत्तर मिळालंच.

त्याआधीच्या पिढीत, म्हणजे १९०० आणि २९०० मालिकेत, साध्या सिक्युरिटी लायसन्सवर व्हीपीएनचा (शाखा जोडणाऱ्या सुरक्षित बोगद्याचा) वेग एका दिशेला ८५ एमबीपीएसवर अडतो. यंत्र दमदार असलं तरी ही मर्यादा सॉफ्टवेअरची.

मायक्रोटिकचा जुना सीसीआर १०३६ सुद्धा असाच भुलवतो. छत्तीस कोअर! पण प्रत्येक कोअर १.२ गिगाहर्ट्झचा, आणि एकच मोठा प्रवाह एकाच कोअरच्या गळ्यात पडतो. अनेक ग्राहकांची रहदारी वाटणाऱ्या केबलवाल्याला तो चालेल. एकच जाड पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) लाइन असलेल्या ऑफिसला मायक्रोटिकचाच आजचा छोटा आरबी ५००९ जास्त उपयोगी पडतो.

ज्युनिपर एसआरएक्स किंवा फोर्टिगेट (दोन्ही राउटरचंही काम करणारे फायरवॉल) बघताना साध्या फायरवॉलचा वेग आणि घुसखोरी-तपासणी चालू असतानाचा वेग या दोन वेगळ्या ओळी असतात. तपासणी वापरणार असाल तर दुसरीच ओळ बघा.

जुन्यात फक्त लोखंड विकत घेणं

सातबारा नावावर न करता जमीन घेतल्यासारखा हा व्यवहार होतो. यंत्र तुमच्या टेबलावर, हक्क दुसऱ्याकडे.

सिस्कोच्या धोरणानुसार यंत्रातलं सॉफ्टवेअर लायसन्स जुन्या बाजारात यंत्राबरोबर हस्तांतरित होत नाही. नव्या मालकाला सपोर्ट करार हवा असेल तर यंत्राची तपासणी आणि नवं लायसन्स असा रस्ता आहे, आणि त्या खर्चात जुन्याची स्वस्ताई बरीचशी वाहून जाते. करार नाही तर नवी सॉफ्टवेअर आवृत्ती नाही. विक्रेता म्हणेल, “मी देतो ना आयओएसची फाइल.” आयओएस म्हणजे सिस्कोचं सॉफ्टवेअर. कुठून आलेली फाइल, कोणी हात लावलेली, काय माहीत. पतसंस्थेच्या राउटरवर असली फाइल चढवू नका.

सिस्कोच्याच, क्लाउडमधून चालणाऱ्या मेराकीची गोष्ट आणखी कडक. जुन्या मालकाने आपल्या डॅशबोर्डमधून यंत्र सोडलं नसेल तर तुम्हाला ते वापरताच येत नाही. सोडलं तरी लायसन्स चालू नसेल तर मुदतीनंतर रहदारी बंद. जुनी मेराकी कितीही स्वस्त मिळाली तरी तो पेपरवेट ठरण्याची शक्यता जास्त. फोर्टिगेटची नोंदणीही जुन्या खात्यावर असते, ती बदलून घेतल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. ज्युनिपर जुलै २०२५ पासून एचपीईच्या मालकीची झाली, त्यामुळे जुन्या यंत्राचा सपोर्ट आता कोणत्या खात्यातून आणि कोणत्या अटींवर मिळतो हे आधीच विचारा.

मायक्रोटिकमध्ये लायसन्स यंत्राशी जोडलेलं असतं, त्याची मुदत संपत नाही आणि राउटरओएसची (त्यातल्या सॉफ्टवेअरची) अपडेट फुकट मिळतात. कागदपत्रांच्या बाबतीत जुना मायक्रोटिक सगळ्यात निर्धोक. एकच सापळा: आधीच्या मालकाने ‘प्रोटेक्टेड राउटरबूट’ चालू ठेवलं असेल आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसेल, तर नेहमीसारखं रीसेट बटण दाबून किंवा नेटइन्स्टॉलने (संगणकावरून सॉफ्टवेअर नव्याने चढवून) यंत्र मोकळं होत नाही. बटण नेमकं किती सेकंद दाबायचं हे त्यानेच ठरवून ठेवलेलं असतं. घेताना समोर रीसेट करून दाखवायला सांगा.

आता वय. सिस्को २९११ आणि त्याची भावंडं २०१७ च्या डिसेंबरपासून विकायची बंद झाली आणि त्यांचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२२ ला संपला. म्हणजे त्यात आज नवी त्रुटी सापडली तर दुरुस्ती येणार नाही. इंटरनेटला थेट तोंड देणाऱ्या जागी तो बसवू नये. लॅबमध्ये मुलांना शिकवायला ठेवा, उत्तम यंत्र आहे. ४३०० मालिकेची विक्री नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबली आणि सपोर्ट नोव्हेंबर २०२८ पर्यंत आहे. जुना ४३३१ घेणारा माणूस आज जेमतेम तेवढाच काळ विकत घेतो, हे भाव करताना डोक्यात ठेवा.

याच मालिकेची दुसरी एक भानगड आहे, जी दुकानदार कधी सांगत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिस्कोने जाहीर केलं की घड्याळाचा सिग्नल देणारा एक भाग काही यंत्रांत कालांतराने निकामी होतो. वापराच्या साधारण अठरा महिन्यांनंतर धोका वाढतो, आणि एकदा तो भाग गेला की यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. ४३२१, ४३३१, ४३५१ हे सगळे त्या यादीत होते, शिवाय एएसए ५५०६ सारखे फायरवॉल. जाहीर केलं तेव्हा पाठवला जात असलेल्या नव्या मालात तो दोष नाही, असं कंपनीने सांगितलं. बदलून मिळाले ते १६ नोव्हेंबर २०१६ ला वॉरंटी किंवा करारात असलेल्यांनाच. त्यामुळे जुना ४३३१ घेताना बनावटीची तारीख पाहणं ही पहिली तपासणी. सिस्कोच्या अनुक्रमांकात कारखान्याच्या तीन अक्षरांनंतर दोन आकडे वर्षाचे आणि दोन आठवड्याचे असतात. वर्षाच्या आकड्यात १९९६ मिळवायचे. म्हणजे २१ असेल तर २०१७. हे पाठ करून दुकानात जा.

झाकण न उघडता पैसे देणं

मुंबईतून घेतलेलं यंत्रही दमट हवेतूनच आलेलं असतं, त्यामुळे बाहेरून चकाचक पुसलेल्या डब्यावर जाऊ नका. टॉर्च घ्या. पोर्टच्या आतल्या सोनेरी पिना बघा. हिरवट किंवा काळपट डाग दिसला तर तिथेच थांबा. झाकण उघडायला लावा. बोर्डावर पांढरी पूड, स्क्रूवर गंज, कोपऱ्यात बारीक गाळ आहे का ते पाहा. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर हे सांगायला नको, पण पाणी लागलेलं इलेक्ट्रॉनिक सामान धुऊन-वाळवून महिनोन्‌महिने चालतं, आणि मग एक-एक पोर्ट गळायला लागतो. गाळाची रेघ झाकणाच्या आतल्या बाजूला राहते.

बाहेरच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक आणि ‘शो इन्व्हेंटरी’ या आदेशात दिसणारा अनुक्रमांक जुळला पाहिजे. नकली सिस्को ही दंतकथा नव्हे. एफ-सिक्युअर या सायबर सुरक्षा कंपनीने २०२० मध्ये नकली कॅटलिस्ट २९६०-एक्स स्विचचा अभ्यास प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर ते स्विच बंद पडले तेव्हा ते वापरणाऱ्या कंपनीला कळलं की माल खोटा आहे. तोवर ते बिनबोभाट चालत होते. म्हणून चालू आहे एवढ्यावर यंत्र अस्सल ठरत नाही.

सात दिवसांची परत घेण्याची हमी घ्या आणि ते दिवस खरोखर वापरा. थंड अवस्थेतून सुरू करा, पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, हे बऱ्याच वेळा. प्रत्येक पोर्टला दोन लॅपटॉप लावून आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने रहदारी सोडा. पंखे फिरतात का, तापमान किती, लॉगमध्ये (यंत्राच्या नोंदींत) मेमरीच्या किंवा पॉवर सप्लायच्या तक्रारी आहेत का, ते बघा. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या. जुन्या मालाचे काही व्यापारी फक्त नफ्याच्या रकमेवर जीएसटी लावतात, अशा बिलावर तुम्हाला इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेलच असं नाही. नव्या-जुन्याची तुलना करताना हा फरक धरा.

परदेशातून स्वतः जुना माल मागवायचा विचार असेल तर सोडून द्या. वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीला परवानग्या लागतात, आणि एका राउटरसाठी ते लचांड परवडत नाही.

खाऱ्या हवेला ‘थोडा ओलावा’ समजणं

मिठाचे कण आणि आर्द्रता मिळून तांब्याला खातात. खाडीच्या किंवा समुद्राच्या काठावरच्या जागेत, बर्फाच्या कारखान्यात, सुक्या मासळीच्या गोदामाजवळ हे वेगाने होतं. पंख्याचा राउटर ही हवा दिवसरात्र आत ओढतो आणि बोर्डावर पसरतो. म्हणून मालवण, देवगड, हर्णै, अलिबागसारख्या ठिकाणी, जिथे काम भागत असेल तिथे, बिनपंख्याचा राउटर निवडावा असं माझं ठाम मत आहे. आरबी ५००९ चं अख्खं कवचच उष्णता बाहेर टाकतं आणि तो ६० अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलाय. ४३३१ ची मर्यादा ४० अंश. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत बंद रॅकमधलं तापमान मोजून बघा, मग हा फरक कळतो.

दुसरी चूक एसीची. पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २८ अंशांवर येतो. म्हणजे २८ च्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. सर्व्हर रूम १८ अंशांवर ठेवायची, लाइट गेली, उकडलं म्हणून कोणी खिडकी उघडली, की थंडगार बंद यंत्रावर पाणी साचलंच. एसी २५-२६ वर ठेवा आणि खिडकीला कुलूप लावा. चालू राउटर गरम असतो म्हणून कोरडा राहतो. धोका बंद पडून राहिलेल्या यंत्राला जास्त. पावसाळ्यात रिसॉर्ट बंद ठेवणाऱ्यांनी राउटर मात्र चालू ठेवावा, नाहीतर काढून सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात भरावा.

साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळीतून पाणी येतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरे. मोकळे पोर्ट प्लास्टिकच्या टोपीने बंद करा. पै-पैशाची वस्तू, कोणी लावत नाही.

यूपीएस उरल्या पैशात बघू म्हणणं

३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्याला लागलं, त्यानंतर रायगडातल्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपलं. पण वादळं रोज येत नाहीत. रोज येते ती दोन मिनिटांची खंडित वीज, आणि राउटर मरतो तो बहुतेक त्या झटक्यांनी. काही यंत्रांना अचानक बंद होणं जास्त बाधतं. ज्युनिपरच्या एसआरएक्समध्ये आदेश देऊन बंद करायची पद्धत आहे. धाडकन वीज गेली तर फाइलसिस्टिम बिघडू शकते, आणि यंत्र दुसऱ्या राखीव विभाजनातून सुरू झाल्याचा इशारा दाखवतं. तो इशारा दुर्लक्षून चालवत राहिलात आणि राखीव प्रतही बिघडली, तर यंत्र गेलं. म्हणून एसआरएक्स घ्यायचा तर चांगला यूपीएस त्याच खरेदीत धरा.

विजेचं बिलही मोजा. मोठ्या डेटासेंटरमधून निघालेला, १५० वॅट खाणारा राउटर वर्षभर चालला तर सुमारे १३१४ युनिट होतात. ४३३१ ला, मॉड्यूल नसताना, साधारण ४२ वॅट लागतात, म्हणजे वर्षाला ३६८ युनिट. तुमच्या व्यावसायिक दराने गुणून बघा. फुकटात मिळालेला मोठा राउटर महाग पडतो तो इथे. यूपीएसची बॅटरीही त्याच प्रमाणात लवकर रिकामी होते. उलट आरबी ५००९ थेट २४ ते ५७ व्होल्ट डीसीवर चालतो. दोन बॅटऱ्या आणि योग्य चार्जर लावून तो कितीतरी तास काढतो.

अर्थिंगबद्दल एकच सांगतो. जांभ्याच्या कातळावर खड्डा खोल जात नाही, आणि उन्हाळ्यात कातळ सुकला की अर्थिंग नावापुरतं उरतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर राउटर लावण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल कधीही नेऊ नका. वळवाच्या पावसातली वीज तिथूनच आत येते. तिथे फायबर टाका. खांबावरून येणाऱ्या फायबरला आधाराची स्टीलची तार असते, ती बाहेरच कापून थांबवा, रॅकपर्यंत आणू नका.

दोष लाइनचा, शिक्षा राउटरला

राउटर बदलण्याआधी ही लक्षणं तपासा.

पाऊस पडला की नेट जातं, ऊन पडलं की येतं: ओएनटीच्या (फायबर येऊन मिळते त्या डब्याच्या) पानावर प्रकाशाची पातळी बघा. जीपॉन लाइनला (नेहमीच्या घर-ऑफिसच्या फायबरला) ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या आत हवी. उणे २७ च्या पलीकडे गेली तर जोड किंवा केबल खराब. राउटर सोन्याचा आणलात तरी फरक पडणार नाही.

पिंग जातं, गुगल उघडतं, पण बँकेचं किंवा सरकारी पोर्टल फिरतच राहतं: पीपीपीओई लाइनला पॅकेटची कमाल मर्यादा १४९२ असते. ‘तुकडे करू नको’ हा पर्याय लावून १४६४ आकाराचं पिंग पाठवा. ते जातं आणि १४७२ चं जात नाही, तर राउटरवर एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराची कमाल मर्यादा) १४५२ ला बांधा. नवा राउटर बसवल्यावर येणाऱ्या तक्रारींत ही पहिल्या नंबरची.

एका शाखेची व्हीपीएन उठतच नाही: त्या राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टला मिळालेला पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. एअरफायबर आणि मोबाइल सिमवर हे नेहमीचंच. मुख्य कार्यालयाला स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) घ्या आणि शाखेकडून जोडणी सुरू करा. व्हीपीएनसाठी आयपीसेक चालेल, मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीत वायरगार्डही आहे. प्रत्येक शाखेला स्टॅटिक आयपीचे पैसे भरायची गरज नाही.

संध्याकाळी सातनंतर हळू: लॅपटॉप थेट ओएनटीला जोडून त्याच वेळी वेग मोजा. तिथेही हळूच असेल तर लाइनवाल्याशी बोला.

एखादा पोर्ट अधूनमधून बंद-चालू: पॅच कॉर्ड बदला, मग पिना बघा. खारा वारा बहुतेकदा इथून सुरुवात करतो.

दोन लाइन घेऊन निर्धास्त होणं

दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील तर ती एकच लाइन. महामार्गाच्या कामात जेसीबीने एक फावडा मारला की दोन्ही जातात. एक फायबर आणि दुसरी वेगळ्या कंपनीच्या सिमवर असू द्या, आणि तिचा टॉवर वीज गेल्यावर किती तास तग धरतो हे गावात विचारा.

सेटिंगमधली चूक याहून जास्त नडते. राउटर ‘लाइन चालू आहे का’ हे बघायला बहुधा शेजारच्या ओएनटीलाच पिंग करत असतो. ओएनटी तर रॅकमध्येच बसलाय, तो उत्तर देणारच. पुढे चिपळूणला केबल तुटली तरी राउटर दुसऱ्या लाइनवर जात नाही. इंटरनेटवरच्या लांबच्या दोन वेगळ्या पत्त्यांना पिंग करून निर्णय घ्यायला लावा. ही सोय सिस्कोत ‘आयपी एसएलए’ आणि ‘ट्रॅक’ या नावाने असते, मायक्रोटिकमध्ये ‘रिकर्सिव्ह रूट’. बसवून झाल्यावर ओएनटीची फायबर हाताने काढून बघा. पॉवर काढून केलेली चाचणी खोटी असते.

पासवर्ड बदलला म्हणजे सुरक्षा झाली

ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्को आयओएस एक्सईच्या वेब पानातली त्रुटी वापरून जगभरातल्या हजारो यंत्रांत घुसखोरी झाली. २०१८ मध्ये मायक्रोटिकच्या विनबॉक्स या व्यवस्थापनाच्या प्रोग्रामची तीच गत झाली होती. दुरुस्ती एप्रिलमध्येच आलेली होती, अपडेट कोणी केलं नाही. दोन्ही वेळा फसले ते व्यवस्थापनाचं दार इंटरनेटकडे उघडं ठेवणारे. वॅनच्या बाजूने वेब, विनबॉक्स, टेलनेट बंद. लांबून बघायचं तर व्हीपीएनमधून.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी लॉग १८० दिवस जपायचे आणि घटना सहा तासांत कळवायची असते. राउटरच्या स्मृतीतले लॉग तर लाइट गेली की पुसले जातात. एखाद्या साध्या संगणकावर सिसलॉग (राउटर बाहेर पाठवतो ते लॉग) घेत राहा, आणि राउटरचं घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवून) लावा. घेत असलेला राउटर लॉग बाहेर पाठवू शकतो का, हा प्रश्न खरेदीच्या यादीतच हवा.

एकच घेणं

माझा कौल असा. जिथे करारातली बदली खरोखर दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणजे बहुधा जिल्ह्याच्या गावी किंवा लोटे, रोह्यासारख्या औद्योगिक वसाहतीत, आणि लेखापरीक्षक सपोर्टचा कागद मागतो, तिथे नवा सिस्को किंवा ज्युनिपर करारासकट घ्या. बाकी किनाऱ्यावर त्याच पैशात एकाच मॉडेलचे दोन नवे मायक्रोटिक. जुना सिस्को तेव्हाच, जेव्हा तुमच्या माणसाला तो हातासारखा माहीत आहे, बनावटीची तारीख निभावते, आणि तोही जोडीने मिळतोय. दुसरं यंत्र सिलिका जेलच्या डब्यात, त्याच आवृत्तीवर, ताजं कॉन्फिग चढवून ठेवलेलं. डब्यावर चिठ्ठी: कोणती केबल कोणत्या पोर्टला. मग बदली करायला अभियंता लागत नाही, काउंटरवरचा मुलगाही फोनवर ऐकून करतो. सहा महिन्यांनी एकदा दोघांची अदलाबदल करा, म्हणजे डब्यातलं यंत्र मेलेलं आहे हे ऐन वेळी कळणार नाही.

जुना राउटर तसाच विकणं

ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये बाजारातून घेतलेले १६ वापरलेले राउटर तपासले. त्यातल्या नऊ यंत्रांत आधीच्या कंपनीची माहिती तशीच होती: व्हीपीएनच्या किल्ल्या, ग्राहकांचे तपशील, नेटवर्कचा नकाशा. तुमचा काढाल तेव्हा सिस्कोवर ‘राइट इरेज’ करून रीलोड करा, आणि फ्लॅशमध्ये कोणी कॉन्फिगच्या प्रती ठेवल्यात का ते ‘डिर’ने पाहून त्याही पुसा. मायक्रोटिक नेटइन्स्टॉलने कोरा करा, प्रोटेक्टेड राउटरबूट चालू असेल तर आधी बंद करा. मेराकी-फोर्टिगेट आपल्या खात्यातून सोडा. सिम आणि पेनड्राइव्ह काढून घ्या. आणि त्या यंत्रात असलेला व्हीपीएनचा पासवर्ड बाकीच्या शाखांवर त्याच दिवशी बदला.